रोमचा उमेदवार, आईची साडी

हॉस्टेलच्या मैत्रिणीचा, वैशालीचा फोन आला. "माय सरपंचपदाले उभी राह्यली. प्रचाराले ये." मी लगेच जायचं ठरवलं.

'कँडिडेट' हा शब्द आमच्या घरात माझ्या परीक्षांच्या हॉल तिकिटांवरून आला. मावशी तो माझ्यासाठी पाहिलेल्या मुलांना लावते. बी.ए.ला मी त्याचा मूळ अर्थ वाचला होता: पांढऱ्या वस्त्रातला. प्राचीन रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा खडूने उजळलेलं वस्त्र घालून लोकांत फिरायचा. मला ते इतकं आवडलं होतं की वैशालीच्या आईसाठी, काकूंसाठी, पांढरी साडी न्यायचं ठरवलं. आईने बुद्धपौर्णिमेसाठी ठेवलेली कोरी साडी पेटीतून काढून दिली. "चांगल्या कामाले चालली," म्हणाली.

कामरगावहून एसटीने कारंजा, वाशिम, मग रिसोड. बायांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च फारसा नाही. वाशिमला गाडी बदलताना वेळ जातो, स्टँडबाहेर पोहे खाऊन घ्या. रिसोडहून केनवडकडे जाणारी काळीपिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही.

"सरका ना बाई, अजून दोघं बसतेत," ड्रायव्हर म्हणाला.

"कुठी? तुह्या डोक्यावर?" शेजारची बाई म्हणाली. हसत हसतच मी केनवडजवळच्या वैशालीच्या गावात उतरले.

वैशालीच्या अंगणात प्रचाराला निघायला बाया जमल्या होत्या. मी उभी राहून रोमची गोष्ट सांगितली आणि साडी काकूंच्या हातात ठेवली.

वैशालीची आत्या पुढे आली. "काहून व पोरी, माहा भाऊ जिता हाय ना अजून? अन् वयनीले पांढरं?"

काका तिथेच खाटेवर बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

त्यांच्याकडे पांढरं विधवेचं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या वस्तीत ते बुद्धवंदनेचं, लग्नाचं. रोमच्या नादात मी बाकी सगळं विसरले होते.

"तुमच्याकडं देतेत का असं?" एकीने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आमच्यात पांढरं शुभ असतं, हे तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "नाही नाही, हे रोमचं आहे." माझी भाषासुद्धा एकदम पुस्तकी झाली.

काकूंनी साडी माझ्या पिशवीत परत ठेवली. "पोरीनं मायेनं आनली. चला व, शिट्टी वाजवा, ऊन चढून राह्यलं." शिट्टी हे त्यांचं चिन्ह. हिरव्या साडीत त्या पुढे, मी सगळ्यांच्या मागे. दुपारी त्यांनीच मला भाकर आणि ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी आग्रहाने वाढली.

घरी आईने साडी पाहिली. घडी मोडलेली नव्हती.

"नेसली नाही का त्याईनं?"

"त्यांच्यात चालत नाही."

"मंग आपल्यात कवा नेसतेत, ते सांगतलं नाही का तुनं?"

मी पाणी प्यायला उठले.

मतमोजणीला वैशालीने पुन्हा बोलावलंय. तीच साडी स्वतः नेसून जावं, असं माझ्या मनात आहे. वाशिमपर्यंत हिंमत राहील. रिसोडला काळीपिवळीत चढताना राहील का, सांगता येत नाही.