वफ्र्याच्या तळ्यातली जपानी बाई

माणसानं आयुष्यात एकदा तरी वाईट काम करायला शिकून घ्यावं, असं तुळशीदास धुरीला बघितल्यापासून माझं ठाम मत झालं आहे.

तुळशीदास कुडाळकडचा, धंद्यानं शटरिंगचा सुतार. लग्नाआधी तो दशावतारी कंपनीत स्त्रीपार्ट करायचा. वैशाखात लग्न झालं आणि दसऱ्याच्या आत तो कुवेतला आला. तेव्हापासून त्याला सुट्टी मिळायची ती उन्हाळ्यात, आणि गावच्या जत्रा भरतात थंडीत. त्यामुळे त्याच्या बायकोनं, द्वारकानं, नवऱ्याचं सोंग कधी बघितलंच नाही. गावातल्या म्हाताऱ्या तिला सांगायच्या, "तुझ्या घोवाची द्रौपदी बघूक व्हयी होती गो!" आणि ती ऐकून घ्यायची. मुलाला मिसरूड फुटलं तरी ती ऐकूनच घेत होती. यंदा दशावतारी कंपनीच्या मालकानं शब्द दिला की डिसेंबरात जत्रेला या, एक रात्र तुमची. तुळशीदासला फक्त डिसेंबरात सुट्टी हवी होती. आणि नेमकं याच वर्षी आमच्या अरबाबाला जपान झालं.

अरबाब म्हणजे मालक, अबू फहाद. वफ्र्यात, म्हणजे कुवेतच्या दक्षिणेकडच्या शेतीभागात, त्याची टोमॅटोची ग्रीनहाऊसं आणि थोडे खजूर आहेत. एप्रिलमध्ये तो जपानच्या कुठल्याशा किनाऱ्यावरच्या खेड्यात जाऊन आला. चेरीचा फुलोरा बघितला, दोऱ्यांवर वाळणारं समुद्रशेवाळ बघितलं. मग म्हणाला, आता बायका बुड्या मारून शिंपले काढतात ते दाखवा. लोक म्हणाले, त्याला उन्हाळ्यात यावं लागेल. वळचणीला टांगलेल्या पर्सिमनच्या माळा? ते फळ शरदात. बर्फात वाळणारी माकुलं, म्हणजे स्क्विड मासळी? ती थंडीत. अरबाबाला हा सरळसरळ अपमान वाटला. एका खेड्यासाठी माणसानं चारदा विमानात बसायचं? आल्या आल्या त्यानं ठरवलं की तेच खेडं वफ्र्यात बांधायचं आणि चारही ऋतू एकदम चालू ठेवायचे. शुक्रवारी कुटुंबं सहलीला येतात, ती तिकीट काढून बघतील.

कुवेत शहराजवळच्या राई भागात माझं साइनबोर्डांचं वर्कशॉप आहे. खेडं उभं करायचं काम माझ्याकडं आलं, म्हणून या सगळ्या वेडेपणात माझाही हात आहे. वफ्र्याला समुद्र नाही, म्हणून जेसीबीनं खड्डा खणून ताडपत्री अंथरली आणि पाणी भरलं. बोरांच्या झाडांना गुलाबी टिश्यूपेपर बांधला, वसंत तयार. शेवाळ म्हणजे कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांच्या पट्ट्या. पर्सिमनच्या जागी घरचे टोमॅटो. माकुलं पहिल्या दिवशी खरी टांगली, तर वफ्र्यातली सगळी मांजरं जमली. दुसऱ्या दिवसापासून कामगारांच्या पांढऱ्या बनियनी टांगल्या; लांबून कुणाला काय कळतंय? बर्फ थर्मोकोलच्या दाण्यांचा. वारा सुटला की हिवाळा उडून वसंतात जाऊन पडायचा, आणि शरद ऋतूचा इन्चार्ज केलेला आमचा रत्नागिरीचा ड्रायव्हर साबीर झाडू घेऊन ऋतू वेगळे करत बसायचा.

राहिल्या बुड्या मारणाऱ्या बायका. चारचौघांसमोर तळ्यात उतरायला बाई आणायची कुठून? तुळशीदासनं हात वर केला. तिथंच तो फसला.

पांढरे कपडे, डोक्याला पांढरा रुमाल, बाजूला तरंगणारं लाकडी टोपलं. छातीभर पाण्यात तो बुडी मारायचा, शिंपला घेऊन वर यायचा आणि शिट्टीसारखा लांब श्वास सोडायचा. तिकडच्या बायका तसाच सोडतात, हे अरबाबानं त्याला मोबाईलवर दाखवलं होतं. पहिल्याच शुक्रवारी लोक बाकीचे तीन ऋतू सोडून तळ्याकाठी गोळा झाले. एका कुवेती आजीनं तर "पोरी, गारठशील" म्हणून त्याच्या हातावर खजूर ठेवले. वर्षानुवर्षं फळ्या ठोकणारा माणूस पुन्हा कुणीतरी झाला होता. मला फार बरं वाटलं.

नोव्हेंबर सरत आला तशी त्यानं सुट्टी मागितली. अरबाब म्हणाला, "उन्हाळा बंद ठेवता येणार नाही." ऐन थंडीच्या तोंडावर हे वाक्य ऐकून माझं डोकंच फिरलं. पुष्कळ गयावया केल्यावर तो एवढ्यावर आला: त्याच्या ओळखीच्या जपानी इंजिनिअरची आई मुलाकडं आली होती. तशाच खेड्यातली, तरुणपणी स्वतः बुड्या मारलेली. ती येऊन बघेल. तुळशीदासला खोटं म्हणाली तर उन्हाळा बंद, त्यानं घरी जावं. खरं म्हणाली तर मार्चपर्यंत हलायचं नाही.

तुळशीदासनं लगेच द्वारकाला फोन लावला. "अगो, तयारीक लाग. फक्त वायट करूचा आसा."

"तुमका जमात मां?" ती म्हणाली.

"वायट करूक काय लागता?"

आम्ही तालमी घेतल्या. च्युइंगम चघळ, अंग खाजव, वर आल्यावर ढेकर दे. त्यानं ढेकर दिला तर तोही एखाद्या दमलेल्या बाईसारखा. साबीर वैतागला. "अरे, तू नुसता तुळशीदास म्हणून पाण्यात उतर ना! तेवढं वाईट पुरे आहे."

शुक्रवारी म्हातारी आली. निकाल घरी थेट कळावा म्हणून साबीरनं द्वारकाला व्हिडिओ कॉल लावून मोबाईल तळ्याकडं धरला होता. म्हातारी टिश्यूपेपरच्या चेरीला हसली. टोमॅटो तिनं तोडून खाल्ला. बनियनींपुढं तर तिला हसून हसून ठसका लागला. मुलगा बिचारा इंग्रजीत सांगत होता: हे खोटं, तेही खोटं. अरबाबाचा चेहरा पडत गेला आणि आमचा फुलत गेला.

तुळशीदास च्युइंगम चघळत, पोट खाजवत तळ्यात उतरला. झकास सुरुवात! तेवढ्यात म्हातारीनं चपला काढल्या आणि ती काठावर ओल्या वाळूत मांडी घालून बसली. हसणं थांबलं. जत्रेत पुढच्या रांगेतली माणसं बसतात तशी ती बसली, आणि मला धस्स झालं.

त्यानं च्युइंगम गिळून टाकलं. पाठ बाईची झाली. बुडी मारली ती इतका वेळ, की साबीर "या अल्ला" म्हणाला. वर आला, श्वासाची लांब शिट्टी सोडली, आणि हातातल्या शिंपल्याकडं न बघता आधी काठाकडं बघितलं, तान्हं पोर निजवून आलेली आई बघेल तसं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. म्हातारीनं दोन्ही हात तोंडावर धरले आणि काठावरून तशीच शिट्टी घातली. तिचे डोळे वाहत होते, आणि खोटं कशाला बोलू, माझेही.

मुलानं तिचं बोलणं सांगितलं. "आई म्हणते, बाकी सगळं खोटं आहे. ही बाई आमची आहे."

अरबाबानं टाळ्या वाजवल्या. तुळशीदास ओल्या कपड्यांनी बाहेर आला आणि साबीरच्या हातातल्या मोबाईलसमोर मान खाली घालून उभा राहिला. पलीकडं द्वारका डोळे पुसत होती.

"बघलंय," ती म्हणाली. "माझ्यासाठी येकदा वायट करूक जमला नाय तुमका?"