दोन डाव्या बाजू

माझी मावशी लाँड्रीत इस्त्री करते. दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्यात. जेवतेही उभीच, डबा इस्त्रीच्या टेबलावर ठेवून. खाली मांडी घातली की परत उठवत नाही म्हणते. माणसं तिला चेहऱ्यानं कमी आणि कपड्यांवरून जास्त ओळखू येतात. "ह्या शर्टाची बटणं बघ, वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्यांनी लावलीत. स्वतःच लावतो वाटतं बिचारा," असं म्हणते आणि त्या शर्टाची घडी जरा मायेनं घालते.

आई गेल्यावर मी तिच्याकडे आले ते आलेच. नववीत मी शाळा सोडली तेव्हा झाडून सगळ्या नातेवाइकांनी मला फैलावर घेतलं. मावशीनं एवढंच विचारलं, "सायकल चालवता येते ना? मग कपडे पोचवायला लाग." तेव्हापासून मावशीबद्दल कुणी वाकडं बोललं की मी त्याची गय करत नाही. मालकाचीही नाही केली.

"मावशीला बसायला स्टूल द्या," मी त्याला दुकानात सगळ्यांसमोर म्हटलं.

"बसायचा पगार देतो का मी?"

मग मी असं तोंड सोडलं की गिऱ्हाइकं पावती घ्यायची सोडून ऐकत उभी राहिली. शेवटी तो म्हणाला, "स्वतःचं आणा. पण टेबल आणि कपाटाच्या मधे मावलं पाहिजे. माझ्या पायात आलं तर रस्त्यावर जाईल."

ती जागा एवढीशी, आणि टेबल कंबरेच्याही वर. मी सगळी दुकानं पालथी घातली. एक स्टूल बुटकं, दुसरं रुंद, तिसऱ्याचे पाय बाहेर फाकलेले. एकही तिथं शिरेना.

एका संध्याकाळी मावशी म्हणाली, "मी सुतारकामाच्या क्लासला नाव घातलं. स्टूल मीच करणार."

मी खो खो हसले. "तुला खिळा तरी ठोकता येतो का?"

"येत असता तर क्लास कशाला लावला असता, शहाणे?"

"मग मला का नाही विचारलंस? मीही आले असते."

"तू? दोन मिनिटं एका जागी टिकतेस का कधी?"

क्लास रविवारी सकाळी, एका जुन्या शेडमधे. पहिल्या रविवारी ती केसांत भुसा घेऊन घरी आली, आणि तोंडात एकच नाव. नाव म्हणजे नावही नाही, "ती बेकरीवाली." फळी लांब असते, एकटीला आवरत नाही, म्हणून शिकवणारे मिस्त्री एका बाकावर दोघांना लावतात. मावशीच्या वाट्याला बेकरीत काम करणारी एक मुलगी आली होती. माझ्याच वयाची.

"काय हात आहे गं तिचा! करवत अशी चालवते, जशी लोण्यातून सुरी."

"बरं."

"आणि बोलणं किती गोड. मला म्हणाली, काकू, तुम्ही दमला असाल, मी धरते."

"बरं म्हटलं ना!"

पुढच्या रविवारी त्या 'काकू'ची 'मावशी' झाली. हे मात्र माझ्या अंगाची लाही करून गेलं. जगात एवढी नाती पडलीत, हिला नेमकं माझंच सापडलं? तिसऱ्या रविवारी मी क्लासला नाव घातलं.

मला वाटलं होतं, मिस्त्री मला मावशीच्या बाकावर जागा देतील. त्यांनी मला पार दुसऱ्या टोकाला एका रिटायर आजोबांबरोबर लावलं. आजोबा रंधा मारता मारता शीळ घालायचे. मी रंधा मारायची आणि समोर बघायची. बेकरीवालीच्या वेणीवर भुसा उडाला, तो मावशीनं फुंकून काढला. बेकरीवालीनं काहीतरी सांगितलं, मावशी कंबरेवर हात ठेवून हसली. लाँड्रीत ती अशी हसत नाही. घरी तर नाहीच.

"पोरी, लाकूड खरवडतेयस की कुणाचं तोंड?" आजोबांनी विचारलं. खाली बघितलं तर माझ्या फळीला खड्डा पडला होता.

बेकरीवालीत खोट काढायला मी जंग जंग पछाडलं. सापडेना. मुलगी खरंच चांगली होती, हेच तर डोळ्यांत खुपत होतं.

क्लासचा शेवटचा रविवार जवळ आला. त्यानंतर तिथं नवी बॅच येणार, हत्यारं त्यांची, बाक त्यांचे. मावशीच्या स्टुलाची बैठक झाली होती, आडव्या पट्ट्या झाल्या होत्या, दोन्ही बाजू, म्हणजे दोन-दोन पाय जोडलेल्या चौकटी, तेवढ्या राहिल्या होत्या. आणि शुक्रवारी इस्त्रीच्या वाफेनं तिचा उजवा तळवा भाजला. पट्टी बांधून ती क्लासला आली आणि आम्हा दोघींना म्हणाली, "आता तुम्हीच एकेक बाजू करा. कुठली कुणी करायची ते आपसात ठरवा."

स्टूल सरळ चौकोनी असतं तर काही बिघडलं नसतं. पण ह्याला पाय टेकायची पट्टी पुढे आणि खाली, मागची पट्टी वर. त्यामुळे दोन्ही बाजू चपलांच्या जोडासारख्या, एक डावी, एक उजवी. पट्ट्यांची टोकं ज्यात बसायची ती भोकं दोन्हींच्या आतल्या अंगाला.

बेकरीवाली माझ्या बाकापाशी आली. "तू कुठली करतेस?"

"तुझं तू बघ की."

ती परत गेली. फळ्यावर मिस्त्रींनी डाव्या बाजूचं चित्र काढून ठेवलं होतं. मी ते बघून कामाला लागले. आज हिच्यापेक्षा भारी काम करून दाखवायचं, एवढंच डोक्यात. जागची हलले नाही, पाणीही प्यायले नाही. भोकं पाडली, पाय जोडले, सरस लावून शिकंज्यात आवळले. सरस धरल्यावर बाजू उचलून मावशीच्या बाकावर नेली. बेकरीवालीनंही तिची तिथंच आणून ठेवली.

दोन्ही डाव्या.

आधी आजोबांची शीळ थांबली. मग मावशीनं एक बाजू हातात घेऊन उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. "अगं, तुम्ही दोघी एकमेकींशी बोलता की नाही?"

बेकरीवाली म्हणाली, "चुकलं माझं, मावशी." एवढ्यातही 'मावशी'!

"हिनं विचारलं होतं," मी म्हटलं. "मीच सांगितलं नाही." मला खोटं बोलायचा कंटाळा आहे.

नवीन लाकूड शिल्लक नव्हतं. मिस्त्रींनी दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या, डोकं खाजवलं. "एक करता येईल. एका बाजूची भोकं पटाशीनं आरपार काढायची. मग ती बाजू उजवीकडे लावता येते. बाहेरून दिसतात त्या भोकांत लाकडाचे तुकडे ठोकायचे. ठिगळ दिसेल, पण स्टूल उभं राहील. फक्त जपून. पाय चिरला तर संपलं."

"कुणाची फोडायची?" आजोबांनी विचारलं.

सगळे मावशीकडे बघायला लागले. बेकरीवालीच्या सांध्यांत नख शिरत नव्हतं. माझ्या एका सांध्यात फट होती, मी भुसा आणि सरस कालवून बुजवलेली. तरी मला वाटत होतं, मावशी माझीच राखेल.

तिनं पट्टी बांधलेला हात माझ्या बाजूवर ठेवला. "ही फोडा."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "का? तिची चांगली म्हणून?"

"चांगली आहेच. आणि ती परक्याची पोर. रविवारची सुट्टी घालवून तिनं माझ्यासाठी केलेलं मी कुठल्या तोंडानं फोडू? तुझं फोडायला मी काय तुझी परवानगी मागू? घे ती पटाशी. नाक नंतर फुगव."

मी पटाशी घेतली. एवढी संतापले होते की पहिला घाव वाकडाच बसायचा, पण बेकरीवालीनं स्टुलाचा पाय दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला. मी थोडं थोडं खणत गेले. ती तोंड खाली करून भुसा फुंकत होती. मग हळूच म्हणाली, "माझी फोडली असती तरी मला चाललं असतं. न विचारता."

मी वर बघितलं. ती मावशीकडे बघत होती. मी इतके रविवार समोरच्या बाकाकडे जसं बघितलं होतं, अगदी तसं. बेकरीच्या वरच्या खोलीत ती एकटी राहते, एवढं मला मावशीकडून कळलं होतं. तिच्यासाठी मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, मला बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की पुढची सगळी भोकं मी न चिरता आरपार काढली.

सोमवारी स्टूल लाँड्रीत आलं. टेबल आणि कपाटाच्या मधे बरोब्बर शिरलं. मालकानं पायानं ढकलून बघितलं, हललं नाही, मग पंखा जोरात लावून तो गल्ल्यावर जाऊन बसला. मावशी वर चढली, पाय पुढच्या पट्टीवर टेकवले आणि डाव्या हातानंच एका चादरीवर इस्त्री फिरवली. पहिल्यांदाच मी तिला बसून काम करताना बघत होते. दारात सायकल धरून मी उगाच रेंगाळले.

तेवढ्यात बेकरीवाली आली, एप्रनांचं गाठोडं घेऊन. मावशी लगेच खाली उतरली. "ये गं. बस ह्याच्यावर. तुझंच काम आहे, बसून तर बघ."

बेकरीवाली बसली. मावशी उभी.

माझ्या पोटात परत दुखायला लागलं. मी सायकल भिंतीला टेकवली, आत गेले आणि तिला दंडाला धरून उठवलं. "ऊठ. हे तिच्यासाठी केलंय."

"अगं, काय ही रीत?" मावशी ओरडली.

"तू बस आधी!"

मावशी बसली. बेकरीवाली दंड चोळत हसत होती. हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

"हिला बसायचं असेल तर दुसरं करावं लागेल," मी म्हटलं.

"मग क्लास परत लावावा लागेल," बेकरीवाली म्हणाली.

"लाव. मीही लावते. पण सांगून ठेवते, ह्या वेळी उजवी मी करणार."