फक्कीनानांचा शनिवार

मी नकाशा काढलेल्या पहिल्याच घरात संडासाचं दार लागत नव्हतं. म्हणजे आत कुणी नसताना लागायचं; माणूस बसला की नाही.

ही चूक पकडली फक्कीनानांनी. नाना आमच्या जालन्यातले जुने मिस्त्री. नकाशाला ते ‘पत्रिका’ म्हणायचे. “पत्रिका तर चांगली हाये, आता संसार कसा होतो ते बघू,” असं म्हणून मोकळ्या प्लॉटवर मुठीमुठीनं चुन्याची पांढरी फक्की सोडत अख्खं घर जमिनीवर आखायचे आणि ज्यानं नकाशा काढला त्यालाच त्यात नांदायला लावायचे. संध्याकाळपर्यंत त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असत.

केदारखेड्याच्या एका गुरुजींचं घर होतं ते. आर्किटेक्चरच्या इंटर्नशिपच्या तिसऱ्या महिन्यात ऑफिसच्या सरांनी मला पहिल्यांदा साइटवर पाठवलं, तेही प्रिंट पोचवायला. नानांनी मला फक्कीच्या एका चौकोनात उभं केलं.

“बसा, साहेब.”

“इथं?”

“मंग? संडासात उभं राहतेत का?”

गुरुजी, गुरुजींच्या मंडळी आणि चार बिगारी बघत होते. मी उकिडवा बसलो. नानांनी एक फळी दारासारखी फिरवली, ती थेट माझ्या गुडघ्यावर आली. मंडळींनी पदर तोंडाला लावला.

“तुमच्या कंप्युटरमधी माणसाला गुडघे नसतेत,” नाना म्हणाले, आणि पायानं फक्की पुसून त्यांनी दार बाहेरच्या अंगाला उघडतं केलं.

त्या दहा मिनिटांत जेवढं शिकलो तेवढं बाकीच्या सहा महिन्यांत नाही. सहा महिने केलं काय? एमआयडीसीतल्या एका शेडचा नकाशा सतरा वेळा बदलून काढला. शेड कधी डोळ्यांनी पाहिली नाही. प्रिंट आणले, त्यांच्या घड्या घातल्या, घड्या चुकल्या म्हणून बोलणी खाल्ली. घड्यांत मात्र मी तरबेज झालो. बायको अजून साड्या माझ्यापुढेच आणून टाकते. कॉलेजच्या डायरीत ‘साइट भेटी’ असा रकाना होता. तो मी खोलीवर बसून कल्पनेच्या जोरावर भरला. सरांनी एका बैठकीत सगळ्या पानांवर सह्या ठोकल्या, कॉलेजनं मार्क दिले. पाच वर्षांच्या शिक्षणातला अर्ध्या वर्षाचा तुकडा असा घड्या घालून संपला, आणि त्याबद्दल कुणाला काही वाटलं नाही.

वाटलं ते नानांना. एकदा ते ऑफिसात आले, चपला दाराबाहेर काढल्या आणि सरांना म्हणाले, “साहेब, ह्या शिकाऊ पोरांना हप्त्यातून एक दिवस माझ्याकडं द्या. शनवारी.”

सर हसले. “नाना, तुम्ही यांना काय शिकवणार?”

“म्या काय शिकवणार? ते चुकतेत, म्या तोडतो. तोडताना तरी बघू द्या.”

सरांनी त्यांना चहा पाजला. शनिवार दिला नाही. मीही मान खाली घालून माउस हलवत राहिलो.

पुढे माझं स्वतःचं ऑफिस झालं. यंदा नाना नातीला घेऊन आले. आरती, आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला. “तुमच्याकडंच टाकतो. हिचे सहा महिने वाया जाऊ देऊ नका,” म्हणाले. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, “नाना, हिला मी रोज साइटवर नेईन.”

पोरगी कंप्युटरवर फार वेगवान निघाली, तिथंच घोटाळा झाला. मंजुरीचे नकाशे तुंबलेले, ती भराभर उपसून द्यायची. “सर, शनिवारी साइटला येऊ?” असं दोनदा विचारलं तिनं. मी म्हणालो, “एवढे प्रिंट संपव, मग बघू.” वाक्य तोंडातून गेल्यावर आमच्या सरांच्या तोंडचं वाटलं खरं, पण तेवढ्यात फोन आला.

चौथा महिना संपता संपता नाना सहज म्हणून डोकावले. नातीच्या शेजारी स्टूल ओढून बसले.

“जिन्याची पायरी किती उंच घेतीस गं?”

“दीडशे मिलिमीटर, आबा.”

“हातानं दाखव.”

आरतीनं जमिनीपासून हात वर नेला, थांबवला, माझ्याकडे पाहिलं, आणखी जरा वर नेला. गुडघ्याच्या खाली चार बोटं; दीडशे मिलिमीटर म्हणजे वीतभरसुद्धा नाही.

“एवढं चढायला शेळी लागंल,” नाना म्हणाले. कुणी हसलं नाही. पोरीचे डोळे भरून आले. नाना माझ्याकडे वळले. “चार महिने झाले, साहेब. काय करून राह्यले तुम्ही हिचं?”

मी कामाचा रेटा, मुदती, मनुष्यबळ असं काहीतरी बोललो. ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, हे जास्त लागलं.

“राहिलेले दोन महिने दर शनवारी ही माझ्यासंगं साइटवर. कागदावर सही तुमची लागती, तेवढी करा.”

आरतीनं पिशवी उचलली. मला राहवेना. “नाना, मीही येतो शनिवारी. मलाही जरा बघता येईल.”

नानांनी चपला पायात सरकवल्या.

“तुम्ही नका येऊ. दोन-दोन शिकाऊ एका टायमाला मला झेपायचे न्हाईत.”