इंजिनाला शनीचं तेल

दादाच्या होडीचं इंजिन सकाळी वहिनीच्या एका झटक्यात चालू व्हायचं, आणि दुपारी कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही. भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्याकाठच्या आमच्या गावाने याचा अर्थ लावूनही टाकला होता. दादा गेला तो भर दुपारी. म्हणून दुपारी इंजिनाला तो आठवतो.

मी सुप्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. लोखंडाला काही आठवत नसतं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. असली बोलणी कानावर आली की माझं टाळकं सरकतं. पण खोटं कशाला बोलू, त्या होडीत पाय ठेवायला माझ्याही जिवावर यायचं. दादा तिच्यातच सापडला होता. ऐन पाण्यात, इंजिनावर ओणवा, चालू करायची दोरी मुठीला गुंडाळलेली. पंख्यात जाळ्याचा तुकडा अडकला म्हणून त्याने इंजिन बंद केलं असणार, कारण काढलेलं जाळं पायाशी ओलं पडलं होतं. मग तो दोरी ओढत राहिला. डॉक्टर म्हणाले, हृदय. गाव म्हणालं, धरणात बुडालेल्या जुन्या गावठाणाने हाक मारली.

पावसाळा सरल्यावर वहिनीचा फोन आला. "भावजी, सोमवारपासनं होडी मी चालवनार हाय. मानसं लई खोळंबल्यात. तुमी एकदा इंजिन बघून जावा."

मी म्हटलं, वहिनी, दुसरा माणूस बघा. ती म्हणाली, "मला चालू हुतंय की. त्ये हायेत तिथं." रजा टाकली आणि आलो.

इंजिन जुनंच, दादाने कोकणातून वापरलेलं आणलं होतं. खाऱ्या पाण्यात आयुष्य गेलेलं. असलं इंजिन चालू व्हायला त्रास देत असेल तर आधी आतला दाब बघायचा. पिस्टनने हवा नीट दाबली नाही, तर ठिणगी पडूनही ते पेट घेत नाही. प्लग काढून त्या भोकात गेज बसवायचं, दोरी ओढायची आणि काटा कुठवर चढतो ते पाहायचं. मी गेलो तेव्हा वहिनी होडीवर येऊन गेली होती. दोन्ही सिलिंडर तपासले, वरचा आणि खालचा. काटा दोन्हींचा चांगला चढला. चला, दाब आहे म्हणायचा. मग प्लग पुसले, कार्बोरेटर उघडून साफ केला. वहिनीने दोरी ओढली. एका झटक्यात चालू, मागे निळा धूर.

दुपारी पाण्यात मध्यावर नेऊन मी ते मुद्दाम बंद केलं. पुन्हा ओढलं. नाही. परत ओढलं. नाही. दोरीच्या मुठीवर दादाने सायकलची ट्यूब गुंडाळली होती, तिच्यावर त्याच्या बोटांचे खळगे पडले होते. माझी बोटं त्यात बरोब्बर बसली. वाटलं, मी ओढत नाहीये, तोच ओढतोय, अजून तेच चाललंय त्याचं. मी दोरी सोडली आणि वल्हं मारत काठाला आलो. कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गावाला आयतंच मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवताच, वहिनी यायच्या आत होडीवर गेलो. गेज बसवलं. वरचा ठीक. खालच्याचा काटा निम्म्यावरसुद्धा गेला नाही. काल तर चांगला चढला होता. गेजच बिघडलं की काय म्हणून शिव्या घालतोय, तोवर वहिनी आली. हातात तेलाचा डबा, चमचा आणि दादाचा प्लगपाना.

"सरका जरा," म्हणाली. खालचा प्लग काढला, चमचाभर तेल त्या भोकात सोडलं, हात जोडले.

"हे काय?"

"शनीचं तेल. त्ये रोज घालायचे. मी इचारलं तर हसले. म्हनले, शनीला तेल घालतो, कुनाला सांगू नगं."

दादा जन्मात कधी शिंगणापूरला गेला नाही. देवळाबाहेर चपला राखायला बसणारा माणूस तो. वहिनीला वाटलं, आतून तरी देव मानतो, नुसता लाजतो. तिला त्याचं फार कौतुक वाटलं होतं, हे तिच्या तोंडावर अजून दिसत होतं.

मी गेज पुन्हा बसवलं आणि दोरी ओढली. काटा सरसर वर चढला.

मग मला कळलं, आणि मी होडीच्या काठावर बसूनच राहिलो. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या की असंच होतं. तेल घातलं की फट तेवढ्यापुरती भरते, दाब येतो. इंजिन तापलं, तेल जळून गेलं, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणूनच दादा पलीकडच्या काठाला कधी इंजिन बंद करायचा नाही. लोक म्हणायचे, पेट्रोल काय फुकट येतं काय रे? तो हसायचा. त्या दुपारी जाळ्यापायी बंद करावंच लागलं.

सांगावं की नाही? नसतं सांगितलं तर ती सोमवारी माणसं भरून त्या पाण्यात गेली असती. सांगितलं. जरा जोरातच सांगितलं, कारण मला दादाचा राग आला होता. घरात इंजिनं उघडणारा भाऊ असताना हा माणूस फोनवर "एकदम ओके" म्हणायचा.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी त्यास्नी ठावं हुतं?"

"हो."

"रोज सकाळी?"

मी मान हलवली. ती डबा घेऊन घरी गेली. मी तिथेच रडलो.

इंजिन उघडलं तर रिंगा खाचांत चिकटून बसलेल्या, एक तुटलेली. नगरला नेऊन सिलिंडर बोर करून आणला, नवा पिस्टन, नव्या रिंगा घातल्या. सोमवारी ऐन दुपारी वहिनीला घेऊन मध्यावर गेलो. तापलेलं इंजिन बंद केलं. पाणी स्तब्ध होतं. तिने पदर खोचला आणि दोरी ओढली. एका झटक्यात चालू. धूर नाही, काही नाही.

मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, हसेल. तिने मुठीवरची ट्यूब हळूहळू सोडवली आणि घडी करून कमरेला खोचली.

"आता कुनालाबी चालू हुईल," म्हणाली.