माती सरांनी चिकटवलेलं गाव

माती सरांसमोर कोणी मोजपट्टी काढली की ते आधी त्या माणसाचं नाव-गाव विचारत. शाळेत बाकं दुरुस्त करायला आलेला सुतारही त्यातून सुटला नाही. "कोणी पाठवलं? मोजून कुणाला देणार?" सुताराने मोजपट्टी परत खिशात घातली. शहाद्याच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, मी विज्ञान. मूळचे धडगावकडचे, पावरा आदिवासी. ते आश्रमशाळेत असताना त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. "आमच्याकडेही आधी मोजणारेच आले होते," एवढंच ते एकदा बोलले.

आम्ही एकाच घरमालकिणीचे भाडेकरू. सर ओट्यावर बसून डब्यातली माती चाळत; त्यावरूनच सगळे त्यांना माती सर म्हणत. ती माती गाव सोडताना वडिलांनी आणलेली, हे मला फार उशिरा कळलं. मालकीण मला बाजूला घेऊन अहिराणीत म्हणे, "हाऊ मास्तर माटी चाळी ऱ्हायना. काय करस कोण जाणे!" शंका मलाही होतीच. खोलीत प्लायवूडच्या मोठ्या फळीवर त्यांनी गोणपाट चिकटवलं होतं; त्यावर मातीचे थर, जळकं लाकूड, गंजका पत्रा आणि मधून निळ्या रंगाचा जाड पट्टा. ना झाड, ना डोंगर.

"हे काय आहे, सर?"

"तुम्हाला कोणी विचारायला सांगितलं?"

मग आपणहून म्हणाले, "गाव आहे आमचं."

एकदा तोरणमाळला हॉटेल बांधणारे एक गृहस्थ ते चित्र मागायला आले. सरांनी विचारलं, "खाली नाव काय लिहिणार?"

"सातपुड्याचा निसर्ग."

सरांनी चित्रावर चादर टाकली. "म्हणजे तिथे माणसं नव्हतीच, असंच ना?" गृहस्थ अर्धा चहा टाकून गेले. त्यांना नक्की कोणी पाठवलं असेल, यावर सर पुढे कितीतरी दिवस तर्क लढवत होते.

उन्हाळ्यात त्यांची आई धडगावहून आली. सरांनी चादर काढली. म्हातारी चित्राजवळ गेली आणि पावरी बोलीत काहीतरी बोलली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणते, हे आपलं गाव नाही. नदी इतकी जवळ नव्हतीच. पाणी चढलं तेव्हा ती जवळ आली. तू सुटीत आलास, ते पाणीच तेवढं बघितलंस."

सगळ्यांवर संशय घेणारे सर आता स्वतःच्याच आठवणीकडे संशयाने बघत होते.

म्हातारी मात्र थांबली नाही. तिने डब्यातली माती परातीत कालवली आणि निळ्या पट्ट्यावर हाताने सारवायला घेतलं. मला वाटलं, सर आता ओरडतील. ते तांब्या घेऊन आले आणि परातीत पाणी घालू लागले. मधेच काही विचारत. ती ओल्या मातीत बोटाने रेघ ओढून दाखवी: ही वाट, हे अंगण, इथे बैल. संध्याकाळपर्यंत निळा रंग खाली कडेला बोटभर उरला.

जूनमध्ये सरांनी धडगावला बदली मागून घेतली. जीपच्या टपावर चित्र चढवताना ड्रायव्हरने विचारलं, "सर, हाई काय शे?"

मी सरांकडे बघितलं. आता याची उलटतपासणी होणार.

"मन्हं घर शे," सर म्हणाले. "मन्ही मायनी सारवेल शे. जपीसन बांध."