सांगून निघायचं

सायलीला शेळीच्या करडापाशी बसवलं आणि मी मागच्या दारानं निघाले. ती चार वर्षांची होती. करडू तिच्या हातातला पाला ओढत होतं आणि ती खिदळत होती. माझ्या पिशव्या आईनं आधीच शेजारच्या घरी नेऊन ठेवल्या होत्या. दारात हळूच म्हणाली, "मागं बघू नगंस. तुला बघितलं की पोरगी रडंल."

मी बघितलं नाही. फाट्यावर एस.टी. येईपर्यंत माझे कान मात्र घराकडंच होते.

आमच्याकडं सगळ्याच बाया असं करतात. आईपण मला असंच फसवून खुरपायला जायची. लेकराचा डोळा चुकवायचा, म्हणजे त्याला त्रास नाही आणि आपलाही पाय अडत नाही. मनात वाईट कुणाच्याच नसतं, म्हणून तर कधी कुणाला चुकीचं वाटलं नाही.

शहरात दिघ्याला आमची एकच खोली, त्यात दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं. आमचे मालक मार्केटात माथाडी, मी महाप्याच्या एका कंपनीत पॅकिंगला. सायलीला ठेवणार कुणापाशी? पहिल्या दिवाळीला गावी गेले तर अर्धा दिवस ती माझ्याजवळ आली नाही. मग आली ती आपल्या फ्रॉकचं टोक माझ्या पदराला बांधूनच. जेवताना, भांडी घासताना, दोन दिवस ती गाठ तशीच. निघायच्या सकाळी ती झोपेत असताना आईनं गाठ सोडली. इतकी घट्ट होती की दात लावावे लागले. मी पुन्हा मागच्या दारानं निघाले.

ती मोठी झाली तशी युक्ती बदलली. एस.टी.च्या वेळेला आई तिला दळण घेऊन गिरणीवर पाठवायची. पुढं आम्हाला स्वतंत्र खोली मिळाली, पण तोवर तिची शाळा तिथं रुळली होती. ये म्हटलं तर म्हणायची, आजी एकटी पडंल. फोनवर नुसतं "हं". मला वाटायचं, वयच तसं आहे.

दोन वर्षांपूर्वी कंपनीतलं काम सुटलं. ऐरोलीतल्या एका केंद्रात मदतीला मावशी हवी आहे, असं शेजारणीनं सांगितलं. ऑटिझम असलेली लहान मुलं तिथं दिवसभर असतात. शिकतात, खेळतात, जेवतात, झोपतात. मी सातवीत शाळा सोडलेली, त्यामुळं विचारायला गेले तेव्हा मला हे समजेल का, हेच आधी विचारलं. केंद्र चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "इथं मुलांना फोटो बघून समजतं मावशी. तुम्हालाही समजेल." त्या वाक्यानं जो धीर आला तो अजून पुरतोय.

प्रत्येक मुलाची भिंतीवर एक पट्टी असते. आधी चप्पल काढायचा फोटो, मग डब्याचा, मग गादीचा, शेवटी आईचा. म्हणजे दिवस कुठून कुठं जाणार ते मुलाला दिसतं. आणि एक नियम पहिल्याच दिवशी सांगितला. पालकांनी मुलाला सांगून जायचं. रडलं तरी सांगूनच.

मला मनातनं तो नियम निर्दयी वाटायचा.

मागच्या वर्षी ओवी आली. चार वर्षांची, बोलत नाही. काही हवं असलं की आपला हात धरून तिकडं नेते. डब्याचं झाकण गरगर फिरलं की खुशीत दोन्ही हात हलवते. महिनाभरात ती माझं बोट धरून फिरायला लागली होती. एका सकाळी ती रडत होती आणि तिची मम्मी घड्याळ बघत दारात अडकलेली. "मावशी, मीटिंग आहे ओ, काय करू?" मॅडम आत होत्या. मी ओवीला कडेवर घेऊन खिडकीशी गेले, टाकीवरची कबुतरं दाखवली आणि मम्मीला डोळ्यांनीच खुणावलं, जा.

ओवीनं वळून बघितलं तर दार रिकामं. ती रडली नाही. मला तर कौतुकच वाटलं स्वतःचं.

दुसऱ्या दिवशी तिनं मम्मीची ओढणी दोन्ही मुठींत धरली ती सोडेचना. डब्याला हात लावला नाही. दिवसभर दाराकडं तोंड करून बसली. मी जवळ गेले की अंग चोरायची. चार दिवस हेच चाललं. तिची मम्मी रडवेली होऊन म्हणाली की असंच राहिलं तर ओवीला काढून घ्यावं लागेल. मग माझ्यानं राहवलं नाही. आता आपलं काम जाणार हे धरूनच मी मॅडमना सगळं सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तिची आई न सांगता नाहीशी झाली. आता आई कुठल्या क्षणी परत नाहीशी होईल, हे बघत बसलीय ती."

मला एकदम ती पदराची गाठ आठवली. मुलं झोपली होती. मी तिथंच गाद्यांशेजारी बसून मॅडमना सायलीचं सांगितलं. त्यांनी मला पुरतं रडू दिलं.

मग उपाय सांगितला. "तिचा विश्वास तुमच्यावरनं उडालाय, तर जायचं आणि परत यायचं तुम्हीच." मी माझा फोटो ओवीला दाखवायचा, "मावशी पाणी आणायला जाते, येते" असं सांगून बाहेर जायचं, दहा मोजून परत यायचं. दिवसातनं कितीतरी वेळा. मग पन्नास मोजून. मम्मीपण रोज फोटो दाखवून, सांगून निघायची. ओवी मोठमोठ्यानं रडायची आणि मी दाराबाहेर घामाघूम. तीन आठवडे गेले. एका सकाळी मम्मी निघाल्यावर ती थोडी रडली, मग पट्टीपाशी गेली, मम्मीच्या फोटोवर बोट ठेवलं आणि आपला डबा घेऊन बसली. जेवण झाल्यावर माझं बोट धरलं.

त्यानंतरच्या मे महिन्यात गावी गेले. निघायच्या सकाळी आईनं सवयीनं दळणाचा डबा पुढं केला. मी म्हटलं, राहू दे. सायलीला समोर बसवलं आणि सांगितलं, दहाच्या गाडीनं जाणार आहे. गणपतीला येणार, पाच दिवस राहणार.

तेरा वर्षांच्या पोरीनं दळणाचा डबा बाजूला सारला. मग म्हणाली, "मला म्हाईत असायचं. दळण झालं तरी मी गिरणीवरच बसून राहायचे. घर मोकळं दिसायला नको म्हणून."

आणि रडली. चार वर्षांची असताना रडायचं राहिलं होतं, ते सगळं रडली. आई माझ्यावर चिडली, "जाताजाता कशाला रडवलंस गं तिला?" दहाची गाडी गेली. पुढच्या गाडीला माझी पिशवी सायलीनं फाट्यापर्यंत आणली. या वेळी मी मागं बघितलं, गाडी वळेपर्यंत.

आता फोनवर ती "हं" वर थांबत नाही. गणपतीला कुठल्या गाडीनं येणार, हे आधी विचारते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करते. धास्ती माझी गेलेली नाही. एखादी सुट्टी नाकारली गेली तर, या विचारानं अजून जीव वरखाली होतो. पण आई, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्या सगळ्याजणींनो, मला आता घर कुठलं विचारलं तर मी दोन सांगते. ऐरोलीत एका पट्टीवर मम्मीच्या आधी माझा फोटो आहे आणि गावी एका तारखेभोवती पेनानं गोल काढलाय. दोन्हीकडं मी कधी येणार ते कुणालातरी ठाऊक असतं.