उजेडसिंग राजाची दुखणी

भागामाय राजाला रोज एक तरी दुखणं लावायची. एके दिवशी त्याच्या दाढीत उवा पडायच्या, दुसऱ्या दिवशी त्याला भर दरबारात उचकी लागायची, आणि ज्या दिवशी भागामायचं स्वतःचंच डोकं तापलेलं असेल त्या दिवशी तर बिचाऱ्याला अशा जागी गळू व्हायचं की सिंहासनावर टेकायची सोय उरत नसे. राजा तिचाच, तिनेच जन्माला घातलेला. त्यामुळे वैद्याला बोलवायचं की नाही, हेही तीच ठरवायची.

ही दुष्काळातली गोष्ट, सत्तर सालानंतरच्या पहिल्या वर्षांतली. वाशीम तेव्हा नुसता तालुका होता आणि आमचं गाव अनसिंगच्या अंगाला, सांगितलं तरी कुणाला कळू नये एवढं. विहिरींनी तळ दाखवला, सरकारने रस्त्याचं काम काढलं आणि सगळा गाव गिट्टी फोडायला बसला. मी नवी सून, सातवी शिकलेली. त्या सातवीचा दगडावर काडीचाही परिणाम होत नव्हता. बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून मी सासूशेजारी बसायची. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. नाव कमळाबाई, पण कमळाचं मऊपण त्यांच्या अंगी मी कधी पाहिलं नाही. समोरच्या ढिगाशी भागामाय आणि तिची सून शांता. त्या दोघी बौद्धपुऱ्यातल्या.

भागामाय अंगाने चिपाड, आवाजाने मात्र भरभक्कम. हातोडी मारायच्या आधी ती दगडाला एक शिवी हासडायची. मी एकदा विचारलं, हे कशाला? तर म्हणाली, “शिवी देल्ली की दगड नरम येते, पोरी. मानसाचं उलटं हाये. मानूस टनक होते.” मीही हळूच एकदा करून पाहिलं. दगड तसाच राहिला, आत्याबाईंचे डोळे तेवढे वटारले.

तिच्याकडे कहाणी होती एकच, पण संपायचं नाव नाही. जमिनीच्या पोटात तळपूर नावाचं राज्य. तिथला राजा उजेडसिंग. तिथले लोक खाणीत उतरून खडकातून उजेडाचे गोटे काढायचे. हो, उजेडाचेच! तांबडे, पिवळे, दुधी. पण गोटा हाती लागला की शिपाई यायचा आणि काढून न्यायचा. राजाच्या महालात उजेडाची एवढी दाटी झाली होती की राणीला रात्र म्हणून मिळत नव्हती, ती डोळ्यांवर उशी घेऊन नवऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. आणि खाणवाल्यांच्या घरात मायला लेकराचं तोंड दिसायचं नाही. फारच कुणी विनवण्या केल्या तर शिपाई लांब उभा राहून गोटा वर धरायचा, खालच्याने ओंजळ पसरायची, ओंजळीत पडेल तेवढा उजेड त्याचा. गोट्याला हात लावायचा नाही. लावला तर गोटा बाटतो, असा राजाचा कायदा.

कहाणी सुरू झाली त्या दिवशी आत्याबाईंनी हरकत घेतलीच. दिवसाउजेडी कहाणी सांगितली की मामा वाट चुकतो, असं त्या म्हणाल्या. भागामायने हातातला दगड फोडला, पुढचा घेतला आणि म्हणाली, “माह्या मामाले मरून जमाना झाला, कमळाबाई. आता तो कुठी वाट चुकते? तुमच्या मामाले घरीच बसवा दोन मयने.” बाया खदखदून हसल्या. आत्याबाईंनी पाठ फिरवली, पण कान काही फिरवता आले नाहीत.

आमच्याकडे कहाणीला हुंकार लागतो. सांगणाऱ्याने एक वाक्य सांगायचं, ऐकणाऱ्यांतल्या एकाने “हूं” म्हणायचं, मगच पुढचं वाक्य. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. भागामाय म्हणायची, हुंकाराबिगर कहाणी म्हणजे बैलाबिगर गाडी, जागची हालत नाही. आता आमच्या कामावर हा मान कुणाला मिळावा? मुकादमाला!

गुलाबराव मुकादम परगावचे. ऊन असो नसो, डोक्यावर काळी छत्री. हातापेक्षा तोंडाचं काम फार चालतं म्हणून रागावायला आले, छत्री धरून उभे राहिले, आणि भागामाय राजाच्या उचकीचं वर्णन करत होती तेव्हा नकळत त्यांच्या तोंडून “हूं” गेलं. भागामायने हातोडी खाली ठेवली. ज्याने हुंकार दिला त्यानेच शेवटपर्यंत द्यायचा, मधेच सोडला तर कहाणीचं पाप लागतं, अशी रीत तिने त्यांना समजावली. ही रीत खरीच होती की तिथल्या तिथे घडवली, ते मला आजही माहीत नाही. मुकादमांना मात्र ती पटली. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी एका मोठ्या धोंड्यावर छत्रीसकट येऊन बसू लागले.

हळूहळू त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. त्यांनी सकाळी कुणावर तोंड टाकलं की दुपारी राजाला दुखणं लागतं. उशीर झाला म्हणून एका लेकुरवाळीला त्यांनी परत पाठवलं, त्या दिवशी राजाचे सगळे दात हलायला लागले. मुकादम “हूं” म्हणताना गालावरून हात फिरवत होते. नंतर नंतर ते सकाळी कुणाला बोलले की लगेच भागामायच्या ढिगाकडे चोरून बघायचे. एकदा तर येऊन हळूच म्हणाले, “भागामाय, आज राजाले पोटशूळ नोको बरं. आज मी कोनाले काई बोललो नाई.” तिने विचार केल्यासारखं केलं आणि राजाला त्या दिवशी नुसतं पडसं दिलं.

तुम्ही म्हणाल, मग दुष्काळातही मजाच होती तुमची. होती. पण झाडाखाली पाण्याचा ड्रम होता.

टँकर त्यात पाणी ओतून जायचा. भाकर सगळ्यांची सारखीच, रेशनवरच्या त्या लाल मिलो ज्वारीची, घशाला ओरखडे काढणारी. उन्हालाही जात नव्हती. पाण्याला होती. आम्ही ड्रममध्ये गडवा बुडवायचो आणि प्यायचो. बौद्धपुऱ्यातल्या बायांनी ड्रमपासून हातभर लांब ओंजळ धरून बसायचं आणि मुकादमांनी नेमलेल्या पाणक्याने वरून धार सोडायची. पाणक्या जागेवर नसला तर वाट बघायची. तो बहुतेक वेळ जागेवर नसायचाच. कहाणीतला शिपाई कुठून आला, ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. मुकादमांनाही कळत असावं, पण “हूं” म्हणणाऱ्याला अर्थ लावायची सक्ती थोडीच असते.

भागामायने मात्र मनातलं कधी लपवलं नाही. छप्पनच्या साली ती सासऱ्याबरोबर नागपूरला जाऊन आली होती, सून शांता तेव्हा पाळण्यात असेल. मला म्हणायची, “धर्म बदलला, देव गेले, भेव गेलं. हा एक गडवा राह्यला. मले माह्या हातानं पानी घ्यायचं हाये, पोरी. मरायच्या आधी नाई, हे काम संपायच्या आधी.” मी म्हणायची, मुकादमाने हजेरीपटावरून नाव कमी केलं तर? घरात तिच्या आणि शांताच्या रोजावरच चूल पेटत होती. त्यावर दगडाला दोन शिव्या जास्त मिळायच्या.

बायांना राजाच्या मरणाची घाई झाली होती. खाणवाले कधी उठतात, हे रोज कुणी ना कुणी विचारायचं. भागामाय रोज काहीतरी काढायची. आज त्यांचं जेवण झालं नाही. आज त्यांच्यात भांडण लागलं. एकदा म्हणाली, आज ते उठणार होते पण त्यातल्या एकाने उठायच्या आधी बायकोला विचारलं. एवढं हसू आलं की माझी हातोडी बोटावर बसली.

मग तो दिवस आला. उन्हाने दगड हातात धरवत नव्हते. पाणक्या सोयऱ्याच्या घरी जेवायला म्हणून गेला तो गेलाच. शांता ड्रमजवळ हातभर अंतरावर बसून होती. तिचे ओठ पांढरे पडले होते, तिने दोनदा मुकादमांकडे पाहिलं. मुकादम म्हणाले, येईल आता तो, बस जरा. आणि भागामायला म्हणाले, तोवर कहाणी लाव. भागामायने सुनेकडे पाहिलं. मग हातोडी बाजूला ठेवली. हातोडी ठेवून कहाणी सांगताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते.

“त्या दिवशी खानीत एक म्हातारी उठली,” ती म्हणाली.

मुकादमांच्या छत्रीचा दांडा या हातातून त्या हातात गेला.

“एक म्हातारी उठली,” भागामाय पुन्हा म्हणाली.

हुंकार नाही. सगळ्या हातोड्या थांबल्या. मुकादमांच्या सगळं ध्यानात आलं होतं. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. ते धोंड्यावरून उठले आणि म्हणाले, पाणक्या राहू दे, आज मीच माझ्या हाताने वाढतो पाणी. शांता, धर ओंजळ.

शांताने ओंजळ धरली नाही.

“राजा बी हेच म्हने,” भागामाय म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तो म्हने, शिपाई वाईट हाये, मी माह्या हातानं उजेड वाटतो. म्हातारी म्हने, वाटू नोको राजा. वाटनारा तू कोन? आमी घेतो.”

आता पुढे जायला हुंकार हवा होता. मुकादम तोंड मिटून उभे. आम्ही बाया एकमेकींकडे बघतोय, म्हणावं कुणी? आणि माझ्या उजव्या हाताला, अगदी शेजारून, स्पष्ट आवाज आला, “हूं. मंग?”

आत्याबाई! ज्या बाईने चुलीजवळ मांजर आलं तरी चूल सारवायला लावली, ती! मुकादम त्यांच्याकडे बघतच राहिले. आत्याबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि म्हणाल्या, “पाहून काय राह्यले? कहानी वाटेत मारली तर पाप लागते. मी पापाले भेतो.” त्या जन्मभर पापालाच भ्यायल्या. त्या दिवशी ते भ्यायचं कुणाच्या कामी आलं, हे त्यांना उमगलं होतं का, देव जाणे. मी विचारायची, तर म्हणायच्या, तुझं काम कर.

“मंग म्हातारी चालली,” भागामाय म्हणाली आणि उठली. पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून जरा लंगडत गेली. ड्रमवरचं झाकण तिने काढलं. गडवा बुडवला. आधी स्वतः प्यायली, सावकाश, पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडेपर्यंत. मग पुन्हा भरला आणि शांताच्या हातात दिला. त्यांच्या पुऱ्यातल्या बाकीच्या बाया एकेक करून उठल्या. मुकादम नाव कमी करीन म्हणाले, पण इतक्या हळू की छत्रीलाच सांगत असावेत. कुणाचंही नाव कमी झालं नाही.

आत्याबाई मात्र त्या दिवशी पाण्याला शिवल्या नाहीत. संध्याकाळी घरी येईपर्यंत जीभ कोरडी. हुंकार देणं निराळं, पाणी पिणं निराळं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून पितळेच्या कळशीत पाणी आणलं. ते दुपारपर्यंत असं तापलं की त्यात चहापत्तीच टाकायची राहिली होती. मी ड्रममधून पिऊन आले, त्यांनी मला बघून न बघितल्यासारखं केलं. भागामाय नुसती दगड फोडत होती. कहाणीही तिने बंद केली होती. झालं की आता, काय सांगू, म्हणायची.

भागामाय जाऊन आता बरीच वर्षं झाली. शांताने शेवटचे दिवस काढले तिचे, मी भेटायला गेले होते. तिची गोष्ट मी माझ्या नातवंडांना सांगते, आणि म्हातारी ड्रमजवळ पोचली की ती टाळ्या वाजवतात. संपली, म्हणतात. पण ती तिथे संपली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ढिगावरून मान वर केली तर आत्याबाई ड्रमपाशी, बायांच्या रांगेत. मान ताठ, नजर दुसरीकडे, वाशीमच्या बाजाराला निघालेली बाई चुकून इथे उभी राहिली आहे अशी. त्यांच्या मागे, छत्री मिटून, मुकादम. आत्याबाईंच्या पुढे भागामाय. शेवटी आत्याबाईंनाच राहवलं नाही. रांगेत काहीतरी बोलावं म्हणून त्या म्हणाल्या, “त्या राजाचं काय झालं, ते नाई सांगतलं तू.”

भागामाय पाणी प्यायली. पदराने तोंड पुसलं.

“त्याचं काय व्हायचं? सगळे आपापला उजेड घेऊन गेले, तं त्याच्या महालात अंधार पडला. दोन दिवस बसला रुसून. मंग आला बिचारा, रांगेत उभा राह्यला.”

मागे मुकादमांच्या तोंडून सवयीने “हूं” गेलं.

“खानवाल्याइनं मारलं नाई त्याले?” आत्याबाईंनी विचारलं.

“कायले मारतीन? मारलं असतं तं रांगेत कोन आलं असतं?” भागामायने गडवा ड्रमच्या काठावर ठेवला आणि बाजूला झाली. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या सासूला एकेरी बोलली. “घे व कमळा. तुया हातानं घे.”

आत्याबाईंनी गडव्याकडे पाहिलं. मग घेतला, आणि प्यायल्या.